बेलोरा, शिवणी आणि भाऊसाहेबांचे नाव

बदनेरा स्टेशनाबाहेर मी ऑटोवाल्याला ‘बेलोऱ्याला जायचे’ म्हटले, तर त्याने उलट विचारले, ‘कोणत्या बेलोऱ्याले? इमानाच्या का?’ प्रश्न रास्त होता. चांदूर बाजार तालुक्यातही एक बेलोरा आहे. विमानतळाचे ‘इमानाचा बेलोरा’ हे नामकरण या माणसाने कोणत्याही ठरावाविना केलेले होते आणि ते मला नेमके कळले.

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या १८५० मीटर धावपट्टीवर मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले. सेवा सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. विमान लहान, एटीआर जातीचे. पण अमरावतीत विमानाच्या वेळापत्रकापेक्षा विमानतळाच्या नावाची चर्चा अधिक रंगते. नावाचा विषय निघाला की दोन नावे हमखास पुढे येतात : डॉ. पंजाबराव देशमुख आणि माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. एकाने शेतकऱ्याच्या पोराला शाळा दिली. दुसऱ्याची दृष्टी तान्हेपणी गेली, आयुष्य अवघे चौतीस वर्षांचे, तरी शंभरावर ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. दोघेही या जिल्ह्याचे, दोघेही मोठे. म्हणूनच नाव देण्याची आपली पद्धत तपासायला हे उदाहरण सोयीचे आहे; इथे लहान माणूस कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही.

माझा पक्ष आधीच सांगतो. माझे वडील कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर. भाऊसाहेबांच्या शिवाजी शिक्षण संस्थेत शिकले म्हणून मास्तर झाले. ते मास्तर झाले म्हणून मी हा लेख लिहितो आहे. तेव्हा मी तटस्थ नाही, आणि तसा आव आणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

महाराष्ट्रातील विमानतळांची नावे एकापुढे एक लिहून वाचली की त्यांचे व्याकरण ध्यानात येते. आधी उपाधी, मग नाव, मग जमल्यास ‘आंतरराष्ट्रीय’. मुंबईच्या विमानतळाला १९९९ मध्ये छत्रपती शिवाजींचे नाव मिळाले, २०१८ मध्ये त्याला ‘महाराज’ जोडले गेले. पुण्यासाठी विधिमंडळाने जगद्गुरू संत तुकाराम महाराजांच्या नावाचा ठराव केला आहे. रीत अशी की राज्याच्या विधिमंडळाने ठराव करायचा, तो केंद्राकडे जायचा आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता द्यायची. एवढे सोपस्कार होऊनही तिकिटावर मुंबई ‘बीओएम’ राहते, नागपूर ‘एनएजी’. नागपूरचा विमानतळ २००५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने आहे. जुनी मंडळी अजून सोनेगावच म्हणतात. त्यात अनादर नाही, सवय आहे.

पण सगळी नावे सारखी नसतात. कोल्हापूरला छत्रपती राजाराम महाराजांचे नाव द्यायचा ठराव झाला. तिथे १९३९ साली विमानतळ सुरू झाला तोच त्यांच्या कारकिर्दीत. नवी मुंबईत दि. बा. पाटलांच्या नावासाठी २०२१ साली भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, सिडकोवर मोर्चा नेला. तिथे नाव हा भूसंपादनाच्या हिशेबातला शेवटचा आकडा होता. १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला. त्यामुळे ‘दि. बां’चे नाव मागणारा माणूस खरे तर म्हणत होता, ही जमीन आमची होती हे लिहून ठेवा. नावाला अर्थ येतो तो असा. बाकी ठिकाणी थोर माणूस आणि इमारत यांचा संबंध जिल्हा एक असण्यापलीकडे जात नाही.

या कसोटीवर पंजाबरावांचे नाव बेलोऱ्यात कसे ठरते? इथे मला अमरावती सोडून अकोल्याला यावे लागते.

अकोल्याचा शिवणीचा विमानतळ बेलोऱ्याहून जुना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, १९४३ चा. धावपट्टी सुमारे १४०० मीटर. ती वाढवायची तर शेजारची जमीन हवी, आणि शेजारी आहे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. वर्षानुवर्षे अकोल्याचे विमान या जमिनीपाशी अडले. म्हणजे अमरावतीत ज्यांचे नाव धावपट्टीला द्या म्हणतात, त्यांच्याच नावाची शेते अकोल्यात धावपट्टीच्या आड येतात. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचे कृषिमंत्रिपद सांभाळलेल्या माणसाच्या नावाला याहून बोचरी परीक्षा कोणती असेल? प्रयोगाच्या शेतावर डांबर ओतायचे आणि फलकावर ‘कृषिरत्न’ लिहायचे, हे मला जमत नाही. विमान नको असे माझे म्हणणे नाही. अकोल्यातल्या व्यापाऱ्याला, रुग्णाला, मुंबईत नोकरी करणाऱ्या पोरांना ते हवेच आहे. पण नावाची मागणी करणाऱ्यांपैकी किती जणांनी या जमिनीविषयी तितक्याच आवाजात मत दिले? माझ्या कानावर फार थोडी मते आली. नाव फुकट मिळते. जमिनीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला किंमत पडते.

गुलाबराव महाराजांच्या नावाचेही असेच. त्यांचे ग्रंथ आज किती वाचनालयांत हाती लागतात, हा प्रश्न नामकरणाच्या चर्चेत मी एकदाही ऐकला नाही. फलक एक, ग्रंथ शंभरावर. आपण फलकासाठी भांडतो. गाडगेबाबांचे नाव विद्यापीठाला दिले तेव्हा झाडू किती हातांत आला, ते विचारायला नको.

वऱ्हाडात नाव टिकवायची दुसरी रीतही आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही कापसासाठी टाकलेली अरुंद रेल्वे. मालकी किलिक निक्सन कंपनीची, पण लोकांनी तिला ‘शकुंतला’ केले. कुणी ठराव मांडला नाही, कुणी उपोषणाला बसले नाही. गाडी बंद पडली, तरी ‘शकुंतला कधी येते’ असे मूर्तिजापुरात आजही विचारतात. ‘इमानाचा बेलोरा’ याच घराण्यातला.

शिवणीहून परतताना गावाकडच्या डाळ गिरणीवर थांबलो. यंत्रावर रंग उडालेली अक्षरे होती : ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’. अकोल्याच्या विद्यापीठाचेच यंत्र. खेड्यातल्या तुरीची डाळ खेड्यातच व्हावी म्हणून केलेले. गिरणीवाल्याला विचारले, यातला ‘पी’ म्हणजे काय?

‘पंजाबराव नं भाऊ,’ तुरीचे पोते सरकवत तो म्हणाला, ‘दुसरं काय असन?’