'गीतारहस्या'चे चौथे प्रकरण आणि कयफाचा हिशेब

लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' आपल्या समाजात फारसे वाचले जात नाही. गीतेवरचे भाष्य, तेही जाडजूड. तेव्हा त्याच्याशी आपला काय संबंध, अशी आपली समजूत असावी. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ते पेन्सिलीने लिहिले गेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातले चौथे प्रकरण मात्र गीता न वाचलेल्यानेही वाचावे असे आहे. 'आधिभौतिक सुखवाद' हे त्याचे नाव. बेंथॅम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांच्या उपयुक्ततावादाची त्यात उलटतपासणी आहे, आणि टिळकांनी कायद्याची पदवी घेतली होती हे ती वाचताना सारखे जाणवते.

कोणतेही कृत्य बरे की वाईट हे त्याच्या परिणामावरून ठरवावे, आणि ज्याने पुष्कळांचे पुष्कळ सुख साधेल ते करावे, असे हे मत आहे. बेंथॅमने ते १७८९ साली ग्रंथरूपाने मांडले. मिलने १८६१ मध्ये त्याला अधिक सुसंस्कृत रूप दिले. (हा मिल पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहिता लिहिता त्याने मानवजातीच्या सुखाचा विचार केला, ही गोष्ट मला नेहमीच थोडी विचित्र वाटत आली आहे.) या मताची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. त्यात राजाचे सुख एक आणि भिकाऱ्याचेही एकच. महाराष्ट्रात आगरकरांनी मिलपासून पुष्कळ घेतले. विधवांच्या केशवपनावर त्यांनी कोरडे ओढले तेव्हा ज्यांचे दुःख कोणी हिशेबात धरतच नव्हते त्यांना त्यांनी हिशेबात आणले. रूढीच्या बाजारात मोजदाद हीच मोठी दया ठरते, असे प्रसंग असतात.

टिळकही हे मत सर्वस्वी झिडकारीत नाहीत. सार्वजनिक आणि बाह्य व्यवहारापुरता त्याचा उपयोग ते मान्य करतात. नीतीची अखेरची कसोटी म्हणून मात्र ते त्याला उभे राहू देत नाहीत. डोकीच मोजायची तर पांडवांची सात अक्षौहिणी आणि कौरवांची अकरा. मग न्याय कौरवांकडे म्हणायचा काय? अमेरिकेतल्या एका शहरात ट्राम सुरू करणाऱ्याने परवानगी लवकर मिळावी म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, तरी पुढे लाच उघडकीस आल्यावर त्याला शिक्षा झालीच. परिणाम चांगला असूनही कृत्य वाईट ठरले, ते कर्त्याच्या बुद्धीमुळे. म्हणून बाहेरचे फळ सोडून करणाऱ्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही हे पाहावे, असा त्यांचा निष्कर्ष. मंदिराच्या दानपेटीपाशी उभी असलेली दमडीची विधवा आपल्याला येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

याच ओघात टिळक सॉक्रेटिस आणि येशू ख्रिस्त यांची नावे घेतात. दोघांनाही त्यांच्या देशबांधवांनी समाजाचे शत्रू ठरवून मारले. पुष्कळांचे हित साधतो आहोत असेच त्या लोकांना वाटत होते. म्हणून काही ते न्यायी ठरत नाहीत. टिळकांचे हे उदाहरण त्यांच्याच सिद्धान्ताला अडचणीत आणते, आणि माझा मुद्दा येथूनच सुरू होतो.

संत योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय काढून पाहावा. लाजराला उठवल्यानंतर धर्मसभा भरली आहे. लोक येशूच्या मागे गेले तर रोमन येतील, मंदिर आणि राष्ट्र दोन्ही नष्ट करतील, ही भीती आहे. तेव्हा कयफा सांगतो की सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा लोकांसाठी एकाने मरणे हिताचे. ही भीती काल्पनिक नव्हती. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर खरोखरच जाळले. वधस्तंभाच्या गोष्टीत आपण कयफाला दुष्ट ठरवून मोकळे होतो. पण घटकाभर असे धरू की त्याच्या मनात पदाचा लोभ नव्हता, राष्ट्राचीच काळजी होती. मग टिळकांच्या कसोटीला तो उतरला काय?

टिळकांचा पक्षपाती म्हणेल, शुद्ध बुद्धी म्हणजे नुसता सद्हेतू नव्हे. सर्वांभूती आपल्यासारखाच आत्मा पाहणारी साम्यबुद्धी त्यांना अभिप्रेत आहे. हे खरे आहे, आणि याच कारणाने 'गीतारहस्या'चा नीतिविचार बेंथॅमपेक्षा खोल आहे. पण साम्यबुद्धीचा पुरुषसुद्धा निर्णय घेतो तो आपल्या अंतःकरणात. दुसरा मनुष्य माझ्यासारखाच आहे असे मी जाणतो आणि त्याच्या वतीने मीच ठरवतो. ज्याच्यावर निर्णयाचा भार पडणार आहे त्याच्या दारी जाऊन त्याला विचारावे, हे मोजणाऱ्या मिलला आवश्यक वाटत नाही, तसेच टिळकांच्या स्थितप्रज्ञालाही नाही. उलट यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडतो आहे, त्याला काय हवे हे शेंबड्या पोरालाही कळेल, आणि तरी प्रभू थांबून त्याला विचारतात की मी तुझ्यासाठी काय करावे. हा प्रश्न मला त्या चमत्काराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी वारले. पुढच्याच एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीचे धरण, मुंबईला वीज, आणि पाण्याखाली जाणार मावळ्यांची भातखाचरे. सेनापती बापटांनी या लढ्यात तुरुंगवास सोसला; अखेर धरण झालेच. वीज खोटी नव्हती आणि ती वापरणारे खाचरे कसणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होते. धरण बांधणारांची बुद्धी अशुद्ध होती असे सिद्ध करणेही कठीण. १८९४ च्या कायद्याने जमीन घेताना शेतकऱ्याची हरकत ऐकून घेता येई, संमतीची गरज नव्हती. ती अट यायला २०१३ चा कायदा यावा लागला; तीही काही प्रकल्पांपुरती, आणि खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची. उरलेल्या वीस टक्क्यांपाशी पुन्हा कयफा उभाच आहे.

हे सर्व मी पंडिती तटस्थतेने लिहितो आहे असे वाचकाने समजू नये. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका समितीत मी होतो. रस्ता रुंद करायचा होता आणि तो एका एकट्या राहणाऱ्या मावशींच्या वाडीतून, त्यांच्या विहिरीवरून, जाणार होता. साठ-सत्तर घरांची सोय होती. भरपाईही वाजवी ठरली. आमच्यापैकी कोणाच्याही मनात स्वार्थ नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. ठरावाच्या बाजूने सर्वांचे हात वर झाले, त्यात माझाही होता. बैठकीपूर्वी मावशींकडे कोणी गेले नाही. ती आमच्या घरापासून चौथ्या वाडीत राहत होती.

रस्ता चांगला झाला. रात्री-अपरात्री आजाऱ्याला नेणारी गाडी आता थेट दारापर्यंत येते, आणि तिने एकदा माझ्याच वडिलांना वेळेवर दवाखान्यात पोहोचवले. त्या बैठकीचे इतिवृत्त मी लिहिले होते. त्यात रस्त्याची लांबी-रुंदी आहे, लाभ होणाऱ्या घरांची संख्या आहे, भरपाईची रक्कम आहे. मावशींचे नाव सर्व्हे नंबरापुढे, कंसात आहे.