पालवणकर, बाळू

(१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५). भारतातील पहिले थोर फिरकी गोलंदाज. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजात धारवाड येथे जन्म. पुण्यातील यूरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम ते दरमहा ४ रुपयांवर करीत. सभासदांच्या सरावासाठी तासन्‌तास डावखुरी मंदगती गोलंदाजी करणे हेही त्यांच्याकडेच असे. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच येई. त्यांच्या गोलंदाजीतील अचूकता व संयम या चाकरीतूनच सिद्ध झाला.

पुण्याच्या हिंदू संघात त्यांची निवड झाली, तरी मध्यंतराचा चहा त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. मुंबईत १९०६ व १९०७ मध्ये हिंदू संघाने यूरोपियनांवर मिळविलेल्या विजयांत त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत.

इंग्लंडमध्येही धंदेवाईक खेळाडूस कर्णधारपद सहसा मिळत नसे. येथे जातीचा अडसरही होता. १९२० मध्ये बाळूंना उपकर्णधारपदावर समाधान मानावे लागले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले.

सामाजिक समतेच्या लढ्यातील प्रतीक म्हणून बाळूंचा होणारा गौरव यथार्थ आहे. तथापि तेवढ्यानेच त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही. संघ दुबळा असतानाही परक्या हवामानात बळी मिळविणारा गोलंदाज म्हणूनही त्यांची थोरवी स्वतंत्रपणे सिद्ध होते.