बुलढाण्याहून गेलेलें एक उत्तर

ज्याचें तोंड आपण कधीं पाहिलें नाहीं, ज्याच्या घरची रीत आपणांस ठाऊक नाहीं, आणि ज्याच्याशीं पुढें कधीं गांठ पडेल अशी आशाहि नाहीं, अशा मनुष्याशीं वाद कसा करावा, हा प्रश्न मराठी वाङ्मयांत छापखान्याबरोबर आला. त्यापूर्वीं पंडित सभेंत समोरासमोर बसत. एकमेकांचा गुरु कोण आणि पाठशाळा कोणती, हें दोघांसहि ठाऊक असे. वृत्तपत्रानें लिहिणाऱ्यास वाचणाऱ्यापासून तोडलें, आणि न पाहिलेल्या प्रतिपक्षावर वाटेल तें बोलण्याची जी मोकळीक त्यामुळें मिळाली, तिचा उपयोग आमच्या कित्येक नामांकित लेखकांनीं फारसा संकोच न बाळगतां केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाले’त जोतीराव फुले यांच्या ग्रंथांचा जो समाचार घेतला, त्यांत भाषेची व व्याकरणाची थट्टा किती आणि मूळ मुद्द्याचें खंडन किती, हें ज्यानें त्यानें मोजून पाहावें. शास्त्रीबोवांची लेखणी तेजस्वी होती यांत शंका नाहीं. पण तें परीक्षण वाचून उठल्यावर शूद्रांच्या स्थितीविषयीं आपलें ज्ञान तिळभर वाढलें, असें आम्हांस तरी आढळलें नाहीं.

ज्या सालीं शास्त्रीबोवा वारले त्याच १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांतून एक लहानसें पुस्तक बाहेर पडलें. नांव ‘स्त्रीपुरुषतुलना’, लेखिका ताराबाई शिंदे, वास्तव्य बुलढाणा, प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. वऱ्हाड तेव्हां निजामाच्या मालकीचा पण इंग्रजांच्या कारभाराखालचा मुलूख होता. बाईंचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क असून सत्यशोधक समाजाचे सभासद होते. घरंदाज मराठ्यांच्या बंदिस्त रिवाजांत वाढलेल्या आपल्या मुलीस त्यांनीं मराठीबरोबर संस्कृत व इंग्रजीहि शिकविलें. पुण्यामुंबईच्या सभा नाहींत, विद्वानांचा सहवास नाहीं. असें असतां ह्या बाईंनीं पुण्याच्या एका संपादकास जाब विचारला.

निमित्त असें झालें. सुरत जिल्ह्यांतील विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेनें लोकापवादाच्या भयानें आपलें नवजात मूल मारलें. १८८१ सालीं तिला फांशीची शिक्षा झाली आणि अपिलांत ती काळ्या पाण्यावर आली. ह्या खटल्यावर लिहितांना ‘पुणेवैभव’ पत्रानें एकट्या विजयालक्ष्मीस दोष देऊन न थांबतां एकंदर स्त्रीजातीच्याच स्वैरपणावर ठपका ठेवला. असले लेख त्या काळीं नित्य निघत. वाचणाऱ्या स्त्रिया थोड्या, आणि वाचून उत्तर देणारी तर कोणी नाहीं, अशी लिहिणाराची खात्री असावी.

बाईंच्या वादाची रीत सावकाश पाहण्यासारखी आहे. त्यांनीं संपादकाच्या व्याकरणास हात घातला नाहीं कीं त्याच्या कुळाचा उद्धार केला नाहीं. त्याचा आरोप तेवढा उचलला, आणि तो एकट्या संपादकाचा नसून फार जुना आहे हें ओळखून त्याच्या मुळाशीं गेल्या. संशय, उद्धटपणा, साहस, कपट, अविश्वास असे स्त्रीचे दोष ओळीनें मोजणारा एक संस्कृत श्लोक भर्तृहरीच्या नांवावर प्रसिद्ध आहे. बाईंनीं तो श्लोक आपल्या उत्तराचा सांगाडा केला. प्रतिपक्षानें ज्या क्रमानें दोष मांडले त्याच क्रमानें एकेक दोष घ्यावयाचा, आणि तो स्त्रियांत किती व पुरुषांत किती, हें दाखले देऊन तोलावयाचें, अशी ही मांडणी. पुस्तकास ‘तुलना’ हें नांव शोभेसाठीं दिलेलें नाहीं. दोघांत अधिक साहसी कोण, असें त्याच्या पोटमथळ्यांतच विचारलें आहे. साहस ह्या शब्दास आज जो मानाचा अर्थ आहे तो येथें घेऊन चालणार नाहीं. पुढचामागचा विचार न करतां भलतें कर्म करण्याची धिटाई, हा त्याचा जुना अर्थ येथें अभिप्रेत आहे.

ह्या रीतींतलें मर्म बाईंच्या कबुल्यांत आहे. स्त्रिया सर्वगुणसंपन्न आहेत असा पक्ष त्यांनीं घेतलाच नाहीं. संशयाचा आरोप आला, तेव्हां अशिक्षित मनांत शंकाकुशंका फार येतात हें त्या मान्य करतात. मात्र तें मन अशिक्षित कोणीं ठेविलें, आणि शिकलेल्या पुरुषांच्या डोक्यांत जीं कारस्थानें शिजतात तीं ह्याहून लहान काय, असें लागलीच विचारतात. पति हा देव असेल तर त्यानें देवासारखें वागावयास नको काय? बायको मेल्यास दिवस सरतात न सरतात तोंच दुसरी आणणारा पुरुष धर्मिष्ठ, मग नवरा मेलेल्या पोरीचें केशवपन कां? तुम्ही स्वतः साहेबी पोषाख आणि साहेबी खाणेंपिणें उचलून आपला धर्म गुंडाळून ठेविलात, मग स्त्रीधर्म तेवढा जुनाच हवा, हा न्याय कोठचा? आणि विधवेस भुलविणारा उजळ माथ्यानें फिरतो, पण शिक्षा भोगते ती एकटी, ह्याचें उत्तर काय? प्रतिपक्षीयास पटेल न पटेल, पण ज्याचें उत्तर त्यास देतां येईल असा प्रश्न विचारणें हा वादांतला मोठा सद्गुण आहे, आणि शिवीला उत्तर देतां येत नाहीं हें ध्यानीं घेतलें म्हणजे बाईंच्या ह्या प्रश्नांची किंमत कळते.

आणखी एका गोष्टीकडे आमच्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं पुरतें लक्ष दिलें नाहीं. स्त्रियांविषयींची ही समजूत कोठून पसरते हें शोधतांना बाई तत्कालीन नाटककादंबऱ्यांकडे वळतात, आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या लोकप्रिय पुस्तकांतील स्त्रीचित्रांस जाब विचारतात. एरवीं ह्या कादंबऱ्यांवर लिहिणारे त्यांच्या अद्भुततेची चर्चा करीत. त्यांतल्या स्त्रिया कोणत्या मातीच्या आहेत हें कोणीं पाहिलें? मराठींत स्त्रीनें केलेल्या ग्रंथपरीक्षणाचा आरंभ शोधावयाचा तर ह्या पानांपाशींच थांबावें लागेल. पंडिता रमाबाईंचें ‘स्त्रीधर्मनीति’ त्याच वर्षीं निघालें, पण त्याचा रोख स्त्रियांस उपदेश करण्याकडे आहे. पुरुषांस उद्देशून लिहिलेलें पुस्तक हेंच.

आतां दोषांविषयीं. रागाच्या भरांत बाई पुष्कळदां संपादकाचीच चूक करतात. त्यानें एका विजयालक्ष्मीवरून सर्व स्त्रियांवर दोष लादला. ह्यांनीं कांहीं लबाडांवरून सर्व पुरुषांस एका माळेंत ओंवलें. टोमण्यांची चढाओढ लागली म्हणजे युक्तिवाद मागें राहतो, आणि मग मुद्दा काय होता हें पानें उलटून शोधावें लागतें. ‘निबंधमाले’विषयीं आम्हीं वर जी तक्रार केली तिचा कांहीं अंश येथेंहि लागू पडतो, हें प्रांजळपणें म्हटलें पाहिजे. पण एक भेद आहे. शास्त्रीबोवा हसत होते तें आपल्याहून दुबळ्या ठरविलेल्या मनुष्यास. बाई बोलत होत्या तें ज्यांच्या हातीं छापखाना, शास्त्र आणि घरची सत्ता तिन्ही होतीं त्यांस. उपरोध तोच असला तरी तो कोठून कोठें जातो ह्यावर त्याची नीति ठरते, असें आमचें मत आहे.

पुस्तकाचें स्वागत कुचेष्टेनें झालें. महात्मा फुले यांनीं १८८५ सालीं ‘सत्सारा’च्या दुसऱ्या अंकांत बाईंची बाजू घेतली, आणि त्यांच्या लिखाणास हसणाऱ्यांस खडसावलें. त्याच वर्षीं मराठी ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण आलें असतां फुल्यांनीं तें नाकारलें. ज्या सभेंत आपल्या लोकांचें दुःख मांडण्यास बरोबरीची जागा नाहीं तेथें जाऊन काय करावयाचें, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. वाद नाकारणें हाहि कधीं कधीं वादाचाच भाग असतो. बाईंनीं तसें बोलून दाखविलें नाहीं, पण दुसरें पुस्तक त्यांच्या हातून प्रसिद्ध झालें नाहीं. पुढें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा उजेडांत आणली, आणि १९९४ सालीं रोझालिंड ओहॅन्लन यांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. पहिल्या आवृत्तीपासून मालशे यांच्यापर्यंत त्र्याण्णव वर्षें गेलीं.

ह्या पुस्तकाविषयीं आमचें मत जवळजवळ कायम झालें असतां बुलढाणा जिल्ह्यांतच, चिखली तालुक्यांतील उंद्री ह्या गांवीं, त्यास एक धक्का बसला. एका स्नेह्यांच्या घरीं संध्याकाळीं आम्ही कांहीं उतारे वाचून दाखवीत होतों. ओटीवर शेजारपाजारचीं माणसें होतीं. त्यांत आमच्या ओळखीची नसलेली एक वृद्ध बाई भिंतीस टेकून ऐकत होती. बुलढाण्याची लेखिका म्हटल्यावर इतरांनीं कौतुक केलें. ती मात्र वाचन संपल्यावर म्हणाली, “बाई बोलली तं खरंच. पन पुन्याच्या मानसाशी भांडली. घरच्याशी भांडली असती तं आमाले कळलं असतं.”

आम्हीं त्या वेळीं घाईनें उत्तर दिलें कीं, छापलेलें उत्तर सर्वांसच उद्देशून असतें. ती म्हणाली, “सर्वायले म्हनलं का कोनालेच नाही.” आणि उठून गेली.

तिचा आक्षेप आम्हीं नंतर पुष्कळ दिवस मनाशीं घोळविला. त्यांत तथ्य आहे. अपरिचितास खडसावणें सोपें असतें. तो रात्रीं जेवावयास समोर बसत नाहीं. ताराबाईंच्या पुस्तकांत बुलढाणा जवळजवळ नाहींच: तेथल्या कचेरींतले पुरुष नाहींत, शेजारच्या वाड्यांतली विधवा नाहीं, स्वतःच्या संसाराचा तर चकार शब्द नाहीं. ही उणीव आम्हांस पूर्वीं दिसली नव्हती, आणि आतां ती नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

तथापि त्या वृद्धेचा निष्कर्ष आम्हांस पत्करत नाहीं. घरच्याशीं भांडतांना त्या बाईस सून म्हणून, लेक म्हणून, बायको म्हणून बोलावें लागलें असतें, आणि प्रत्येक वाक्याआधीं नात्याचा मान राखावा लागला असता. पुण्याचा संपादक तिचा कोणी लागत नव्हता. म्हणूनच त्याच्याशीं तिला केवळ एक विचार करणारी व्यक्ति म्हणून बोलतां आलें. घरांत जें उच्चारतां येत नव्हतें त्यास अपरिचितानें, न कळत, जागा करून दिली. हें उत्तर आम्हांस त्या संध्याकाळीं सुचलें नाहीं. उंद्रीस पुन्हा जाणें झालें तेव्हां तें सांगण्याकरितां तिची चौकशी केली. ती लेकीकडे खामगांवास गेली आहे असें कळलें. पुस्तकाची प्रत आम्ही तिच्या घरीं ठेवून आलों आहों, आणि आमचें म्हणणें एका चिठ्ठींत लिहून आंत घातलें आहे.