‘हॉल’ : एका शब्दाचा अर्थविस्तार

इंग्रजीतील ‘हॉल’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाची चिकित्सा करण्याची गरज सहसा भासत नाही. ‘दिवाणखाना’, ‘सभागृह’, ‘दालन’ असे प्रतिशब्द योजले की काम संपले, असे मानले जाते. परंतु प्रतिशब्द म्हणजे अर्थ नव्हे.

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील नित्याचा व्यवहार पाहावा. ‘हॉल बघितला’ असे वधूपिता म्हणतो तेव्हा मंगल कार्यालय अभिप्रेत असते. सदनिका घेणारा तेच म्हणतो तेव्हा बैठकीची खोली. दहावीच्या विद्यार्थ्याचे ‘हॉल तिकीट’ हे परीक्षेचे प्रवेशपत्र होय. दागिन्यावरील ‘हॉलमार्क’मध्ये तर लंडनच्या सुवर्णकार-संघाचे सभागृह दडलेले आहे, तेथे सोन्याचांदीचा कस पाहून ठसा उमटविला जाई.

यांपैकी घरातील ‘हॉल’ सर्वांत विचारणीय आहे. जुन्या वाड्यात ओसरी, सोपा, दिवाणखाना, माजघर अशी क्रमवार रचना असे. कोणी कोठपर्यंत यावे हे जात, नाते आणि स्त्री-पुरुषभेद यांवरून ठरे. सदनिकेच्या हॉलमध्ये हे सारे उंबरठे एकत्र आले. तेथेच पाहुणा बसतो, मुले अभ्यास करतात, ताटे मांडली जातात आणि रात्री अंथरुणेही पडतात. त्यास ‘दिवाणखाना’ म्हणणे म्हणजे हा सामाजिक पालट झाकणे होय. शिवाय, परकीय म्हणून ‘हॉल’ नाकारणाऱ्यांनी ‘दिवाणखाना’ही फारसीतूनच आला, हे विसरू नये.

येथे एक विलक्षण साम्य आढळते. प्राचीन इंग्रजी समाजात ‘हॉल’ म्हणजे सरदाराचे प्रशस्त घर; ‘बेओवुल्फ’ काव्यातील हेओरोट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. भोजन, आतिथ्य आणि निद्रा ही सर्व तेथे एकाच छताखाली चालत. पुढे इंग्रजी घरांत स्वतंत्र खोल्या वाढल्या आणि ‘हॉल’ हा शब्द दारालगतच्या प्रवेशमार्गापुरता आकसला. मराठी ‘हॉल’ मात्र त्या मूळ अर्थाच्या अधिक निकट आहे. हा वारसा नव्हे. तेथे राजवैभवाचा विस्तार होता, येथे जागेची टंचाई आहे. एकाच खोलीवर अनेक कामे पडली म्हणजे शब्दही अनेकार्थी होतो, एवढेच यातून सिद्ध होते.

म्हणून कोशात ‘हॉल’ची नोंद करताना व्युत्पत्तीपाशी न थांबता प्रत्यक्ष वापर तपासला पाहिजे. शब्दाचे मूळ भाषेत सापडते. त्याचा अर्थ मात्र माणसे कशी राहतात यावरून ठरतो.