करप्रश्नातील विधी आणि अर्थवाद

लॉस एंजेलिस काउंटीतील मतदारांपुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘मेझर एम’ ह्या नावाने जो प्रश्न ठेवण्यात आला, त्याचा विचार सामान्यतः अर्थशास्त्र व नगररचना ह्यांच्या अंगाने होतो. डॉलरमागे अर्धा सेंट नवा विक्रीकर बसवून रेल्वे, बस व रस्ते ह्यांसाठी पैसा उभारावा काय, असा त्या प्रश्नाचा आशय होता. आणि ७१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यास होकार दिला. परंतु मतदार जो कौल देतो, तो मतपत्रिकेवर छापलेल्या वाक्याला देतो. ते वाक्य काय सांगते, कोणत्या क्रमाने सांगते आणि काय सांगण्याचे टाळते, हा भाषाभ्यासाचाच विषय होय.

कॅलिफोर्नियाच्या निवडणूक-कायद्याने अशा प्रश्नाला ७५ शब्दांची मर्यादा घातली आहे. मेझर एमचा प्रश्न ह्या मर्यादेत राहून एकाच प्रश्नार्थक वाक्यात मांडलेला आहे. त्या वाक्यात प्रथम नऊ हेतू येतात, मग मतदारांनी योजनेस संमती द्यावी काय ही पृच्छा येते, आणि तदनंतर ‘द्वारा’ अशा अर्थाच्या एका शब्दयोगी पदाच्या आश्रयाने कराचा उल्लेख येतो. मराठी वाचकास ह्यात वावगे काही दिसणार नाही. ‘अमुक अमुक कामांसाठी कर बसवावा काय?’ हा मराठी वाक्याचा सहज क्रम आहे, कारण आपले क्रियापद मुळातच शेवटी येते. इंग्रजीत मात्र अशा प्रश्नाचे साहाय्यक क्रियापद वाक्यारंभी यावे अशी अपेक्षा असते. तेथे हेतूंची रांग आधी लावणे हा हेतुपुरस्सर केलेला क्रमभंग आहे. वाचक प्रश्नापर्यंत पोहोचतो, तोवर त्याचे मन निम्मे वळलेले असते.

मीमांसकांनी वाक्याचे विधी आणि अर्थवाद असे भेद केले आहेत. विधी काय करावे ते सांगतो. अर्थवाद त्या कर्माची स्तुती करून श्रोत्यास त्याकडे प्रवृत्त करतो आणि विधीचे अंग म्हणूनच सार्थ ठरतो. प्रस्तुत वाक्यातील विधी एवढाच : कर द्यावा. उरलेला बहुतांश मजकूर अर्थवादाचा आहे. स्तोत्रांत फलश्रुती अखेरीस येते. येथे ती आरंभी आली असून स्तोत्र तिच्यामागे झाकले गेले आहे.

ह्या फलश्रुतीतील क्रमही बोलका आहे. द्रुतगती मार्गांवरील रहदारीचा ओघ, खड्डे व पदपथ, स्थानिक रस्त्यांचे डांबरीकरण, भूकंपाच्या दृष्टीने पुलांची बळकटी, सिग्नलांचा मेळ, अशी पहिली पाच कलमे रस्त्यांची आहेत. रेल्वे, भुयारी रेल्वे व बस ह्यांचा विस्तार सातव्या स्थानी येतो. उलट पैशाची वाटणी पाहिली, तर सार्वजनिक वाहतुकीच्या बांधणीसाठी ३५ टक्के, ती चालवण्यासाठी २० टक्के व रेल्वे चालवण्यासाठी आणखी ५ टक्के असे साठ टक्के ह्या तीन बाबींनाच जातात. महामार्गांच्या बांधणीस १७ टक्के मिळतात. योजनेचे नावही ‘रहदारी-सुधारणा योजना’ असेच आहे. म्हणजे वाक्याचा संबोध्य मोटार चालवणारा आहे, आणि विषय मोठ्या अंशाने बस व रेल्वे आहे. बसने कामावर जाणारा सामान्य प्रवासी ह्या वाक्यात कोठे आहे? वृद्ध, अपंग व विद्यार्थी ह्यांचे भाडे परवडणारे ठेवण्याचे आश्वासन आहे; पण ह्या तिन्ही वर्गांत न बसणाऱ्या उतारूचा निर्देश नाही. जोड्यांवर किंवा भांड्यांवर अर्धा सेंट मात्र तोही देतो, आणि त्याच्या मिळकतीच्या मानाने तो अधिक जड असतो.

दुसरा दोष समासात दडलेला आहे. त्याच काउंटीत २००८ मध्ये मंजूर झालेल्या ‘मेझर आर’च्या शीर्षकात रहदारीच्या कोंडीतून सुटका हे एक आश्वासन होते. २०१६ च्या वाक्यात तोच जुना कर ‘विद्यमान कोंडी-निवारण कर’ म्हणून अवतरतो. जे साध्य होते, ते सिद्ध म्हणून विशेषणात गेले. त्याविषयी प्रश्न विचारण्यास जागाच उरली नाही. प्रधान अंश समासात गौण होऊन बसण्याच्या ह्या दोषास मम्मटाने ‘अविमृष्टविधेयांश’ असे नाव दिले आहे. काव्यात त्याने रसहानी होते. मतपत्रिकेवर त्याने विवेकाची हानी होते.

मुदतीचेही तसेच. २००८ च्या प्रश्नात ३० वर्षे ही मुदत स्पष्ट होती. २०१६ चा कर ‘मतदार तो संपवण्याचे ठरवीपर्यंत’ चालू राहणार होता. हे विधान असत्य नाही. परंतु ‘मुदत नाही’ ह्या अभावरूप अर्थाला येथे मतदाराच्या कर्तृत्वाचा वेश चढवला आहे. तो निर्णय कोणत्या दिवशी विचारला जाईल, हे वाक्य सांगत नाही. कारण असा दिवस नेमलेलाच नाही.

तथापि ह्या वाक्याच्या कर्त्यांची अडचण लक्षात न घेतल्यास टीका एकांगी होईल. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने ‘विशेष करां’साठी दोनतृतीयांश मतांची अट घातली. काउंटीतील १९८० चा वाहतूक-कर सुमारे ५४ टक्के मतांवर तगला, तो ‘विशेष जिल्हा’ ह्या शब्दांचा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये संकुचित अर्थ लावला म्हणून. १९९५ मध्ये सान्ता क्लारा काउंटीच्या प्रकरणातील निर्णयाने ही वाट अरुंद झाली. पुढे २०१२ मध्ये ‘मेझर जे’ला ६६.१ टक्के मते मिळूनही ते पडले. जेथे अर्ध्या टक्क्याने योजना बुडते, तेथे बसमध्ये कधीही पाऊल न ठेवणाऱ्याचे मतही मिळवावे लागते, आणि प्रश्नाचे वाक्य प्रचाराचे काम करू लागते. दोष केवळ लेखकांचा नाही. ज्याला होकार हवा आहे त्याच्याच हाती प्रश्नाची शब्दरचना सोपवणाऱ्या व्यवस्थेचाही आहे.

कराचा दर, मुदत व वार्षिक उत्पन्न प्रश्नात नमूद करावे, असे बंधन घालणारा कायदा कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये झाला. त्यामुळे आकडे दिसू लागतील. परंतु क्रम आणि समास ह्यांवर आकड्यांचा अंमल चालत नाही. मेझर एमच्या पैशातून रेल्वे उभी राहिली, बसगाड्या चालल्या, तरी तिला मिळालेला होकार नेमका कशाला होता, ही शंका शिल्लक राहते. रहदारीची कोंडी सुटेल ह्या आशेने दिलेले मत कोंडी न सुटल्यास उलटू शकते. बस व रेल्वे ह्यांसाठी, त्यांचे नाव घेऊन आणि आपला खर्च जाणून दिलेले मत त्याहून अधिक टिकाऊ ठरेल. विधी आधी आणि अर्थवाद नंतर, एवढा साधा क्रम पाळला असता तर मते कदाचित कमी पडली असती. पण जी पडली असती, त्यांचा अर्थ निःसंदिग्ध राहिला असता.