टक्कर न देण्याची कला

आइस हॉकीतल्या 1997च्या स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेआधी डेट्रॉइट रेड विंग्जसमोर मोठा प्रश्न होता, तो एरिक लिंड्रॉसला अडवण्याचा. फिलाडेल्फिया फ्लायर्सचा हा कर्णधार सहा फूट चार इंच उंच. त्याच्या तिघांच्या फळीला ‘लीजन ऑफ डूम’ म्हणत. समोर येईल त्याला रिंकच्या कठड्यावर चेपून ही फळी वाट काढायची. डेट्रॉइटकडे अंगावर जाणारा व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह होता; तोच लिंड्रॉसला भिडणार, असा सर्वांचा होरा. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी उतरवलं ते निक्लस लिडस्ट्रम आणि लॅरी मर्फी या जोडीला. दोघांचीही ख्याती धडक देण्याबद्दल नव्हती. मर्फी तर टोरांटोच्या प्रेक्षकांची हुर्यो सोसून त्याच मार्चमध्ये डेट्रॉइटला आलेला.

धिप्पाडासमोर धिप्पाड उभा केला, की खेळ लिंड्रॉसच्या मनासारखा होणार, हे बोमन यांनी ओळखलं. लिडस्ट्रम आणि मर्फी पक, म्हणजे खेळातली चकती, हाती येताच एका नेमक्या पासने तो आपल्या क्षेत्राबाहेर काढत. धडक पोचेपर्यंत पक निघून गेलेला असे. मालिका 4-0 अशी संपली. लिंड्रॉसचा एकच गोल झाला, तोही चौथ्या सामन्याच्या अखेरच्या क्षणांत. डेट्रॉइटला 42 वर्षांनी कप मिळाला.

या डावपेचाची खरी लज्जत त्याच्या अंमलबजावणीत आहे. आइस हॉकीत खेळाडू एका वेळी जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर असतो. फळ्या सतत बदलत राहतात. खेळ थांबला, की शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमानांचा. पहिले दोन सामने फिलाडेल्फियात होते. तिथे हवी ती जोडी हव्या त्या फळीसमोर आणायची, तर खेळ चालू असतानाच माणसं बदलायला हवीत. क्षणभर उशीर झाला तरी गोलसमोर खिंडार पडतं. बाकामागे उभं राहून, समोरचा प्रशिक्षक आता कोणाला उठवणार हे आधीच हेरणं, यात बोमन यांच्या तोडीचा दुसरा मला दिसत नाही.

हीच दृष्टी 21 वर्षं आधीही दिसते. 1974 आणि 1975चे कप फ्लायर्सनी दांडगाईच्या खेळावर जिंकले होते. 1976च्या अंतिम फेरीत बोमन यांच्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी त्यांना 4-0 असं हरवलं, ते वेगाने आणि शिस्तीने. गी लाफ्लरच्या गोलांवर लोक भाळले. बोमन यांनी तितकाच विश्वास बॉब गेनीवर टाकला. आघाडीला खेळूनही गेनीचं मुख्य काम प्रतिस्पर्ध्याला रोखण्याचं. 1978 साली बचावात निपुण आघाडीवीरासाठी सेल्की ट्रॉफी सुरू झाली आणि पहिली चारही वर्षं ती गेनीलाच मिळाली. 1976-77च्या हंगामात हा संघ 80 सामन्यांत फक्त 8 हरला.

बोमन यांचा जन्म 1933चा, मॉन्ट्रियलजवळच्या व्हर्डनचा. ज्युनियर हॉकीत जाँ-गी टॅल्बोची स्टिक डोक्यावर बसली आणि खेळाडू म्हणून त्यांचं स्वप्न संपलं. पुढे सेंट लुइस ब्लूजचे प्रशिक्षक असताना त्यांच्याच संघातून हाच टॅल्बो खेळला. माणसाची पारख करताना जुना हिशेब त्यांनी मध्ये आणला नाही.

त्यांचा स्वभाव मऊ नव्हता. शाबासकी क्वचित मिळे आणि मोठ्या नावालाही सूट नसे. याची सर्वांत मोठी झळ बसली स्टीव्ह आयझरमनला. 1988-89मध्ये गोल आणि गोलसाहाय्य मिळून 155 गुण मिळवणाऱ्या या कर्णधाराला बोमन यांनी आधी बचाव सांभाळायला सांगितलं. ज्या कौशल्याने नाव मिळालं तेच आवरतं घ्यायचं, ही मागणी कठोर होती. आयझरमनने ती पेलली. त्याचे गुण घटले, पण बोमन यांच्या हाताखाली तीन वेळा कप त्याच्या हाती आला, आणि 2000 साली सेल्की ट्रॉफीही.

साखळीत 1,244 विजय, तीन वेगवेगळ्या संघांसह मिळून नऊ कप, आणि 2002मध्ये नवव्या कपासोबत निवृत्ती: हे आकडे अद्वितीय आहेत. त्यांच्या मुळाशी मात्र एक साधी, अवघड जाण आहे. खेळाडूला काय आवडतं, यापेक्षा संघाला त्याच्यातलं नेमकं काय हवं आहे, हे बोमन यांना आधी दिसे. आणि ते त्याच्याकडून मागण्याचं धैर्यही त्यांच्यापाशी होतं.