परत न मागितलेले दहा लाख येन

ओसाकातलं नाकानोशिमा म्हणजे दोजिमा आणि तोसाबोरी या नद्यांच्या मधलं, साधारण तीन किलोमीटर लांबीचं चिंचोळं बेट. ऑफिसच्या कामासाठी जपानला गेलो होतो, एक रविवार मोकळा मिळाला. जाण्याआधी पाहिलेल्या रील्समध्ये हे बेट म्हणजे रात्रीचे दिवे, लाल विटांची इमारत आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब. प्रत्यक्षातही ते तितकंच देखणं आहे. माझी तक्रार त्या देखणेपणाबद्दलच आहे. नजर तिथेच अडकते आणि हे सगळं कशावर उभं आहे, ते सुटून जातं.

ती लाल इमारत म्हणजे सेंट्रल पब्लिक हॉल. अमेरिकेत श्रीमंतांनी उभारलेल्या सार्वजनिक संस्था पाहून आलेल्या इवामोतो एइनोसुके या शेअर दलालाने १९११ मध्ये शहराला दहा लाख येन दिले. पुढे बाजारात तो बुडाला. थोडे पैसे परत माग, असं लोकांनी सुचवलं; त्याने नकार दिला. १९१६ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. हॉल पुरा झाला १९१८ मध्ये.

जवळच प्राच्य सिरॅमिक्सचं संग्रहालय आहे. तेही एका पडझडीतूनच आलेलं. आताका ही व्यापारी कंपनी कोसळली, तेव्हा तिचा संग्रह विखुरण्याची भीती होती. सुमितोमो समूहाने तो शहराला दिला आणि १९८२ मध्ये संग्रहालय उघडलं. इथे सेलाडॉनची भांडी नैसर्गिक उजेडात मांडली आहेत. बाहेर ढग आला की भांड्याचा हिरवा रंग बदलतो. अख्ख्या बेटावर मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

पश्चिमेकडचं काळं, ठोकळ्यासारखं कलासंग्रहालय मात्र शहराने स्वतः बांधलं. कल्पना १९८३ची, उद्घाटन २०२२चं. दात्याला सात वर्षं, शहराला एकोणचाळीस! सरकारी काम म्हणून हसू आलं.

पण ते हसू टिकलं नाही. १९७०च्या दशकात तो लाल हॉल पाडायचा घाट घातला गेला, तेव्हा सामान्य ओसाकावासी त्याच्या बाजूने उभे राहिले. म्हणून तो आज आहे. इवामोतोने हॉल दिला, पण तो ‘पब्लिक’ झाला त्याला वाचवणाऱ्यांमुळे. दान एकदाच देता येतं. राखावं मात्र पुन्हा पुन्हा लागतं.

निघताना मीही प्रतिबिंबाचा फोटो काढलाच. फक्त कॅप्शन लिहिताना बराच वेळ गेला.